नंदुरबारचा पुढला अर्धा

माझी नात मला विचारते, "आजी, तू तरुणपणी कशी होतीस गं?" मी सांगते, "असह्य." तिला वाटतं आजी विनयाने बोलते आहे. आजीचा आणि विनयाचा काही संबंध नाही, हे तिला अजून कळायचंय.

तरुणपणी म्हणजे अगदी पोरवयात नव्हे. चाळिशी ओलांडली होती, पण अक्कल मागच्या गाडीने यायची होती. ह्यांची बदली सुरतला झाली, मुलगा हॉस्टेलवर गेला आणि लग्नाआधी केलेलं माझं डी.एड. ट्रंकेतून बाहेर आलं. डिंडोलीत खानदेशातून आलेल्या बायकांसाठी दुपारचा साक्षरता वर्ग सुरू होणार होता आणि त्यांना मराठी शिकवणारी कोणीतरी हवी होती. मला तर वाटलं, देशातली निरक्षरता इतकी वर्षं माझीच वाट बघत थांबली आहे.

पहिल्या दिवशी मी खादीची साडी नेसले, खांद्याला शबनम अडकवली आणि कपाळाला मोठं कुंकू लावलं. आरशात बघून स्वतःला म्हणालेसुद्धा, "हं, समाजकार्य." वर्ग वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये भरायचा. बायका आधीच येऊन बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर साड्यांचा ढीग होता. कोणी धागे कापत होती, कोणी टिकल्या चिकटवत होती. संध्याकाळी माल परत न्यायला माणूस यायचा, त्यामुळे शिक्षण घ्यायचं ते हात चालू ठेवूनच. माझ्याकडे सगळ्यांनी नीट पाहिलं. माझ्याकडे म्हणजे साडीकडे. मग छोटी कात्री घेऊन पुढे बसलेली एक सडपातळ बाई शेजारणीला म्हणाली, "हाऊ पीस त रिजेक्टमा जाई, व माय. केवढा चुरगळेल शे!"

तिची कात्री आणि जीभ सारख्याच चालायच्या. तिला मी मनातल्या मनात कात्रीवाली म्हणायला लागले ते त्या दिवसापासून.

मी घसा खाकरला आणि घरून पाठ करून आणलेला प्रश्न टाकला, "भगिनींनो, तुम्हाला कशासाठी वाचायला शिकायचं आहे?" भगिनींनो! डिंडोलीत, भर दुपारी, पंख्याखाली. एकीने सांगितलं, बसची पाटी वाचायची आहे. एक म्हणाली, सून मोबाइलवर काय लिहिते ते बघायचंय. सगळ्यांत मागे एक वयस्क, गोल चेहऱ्याची बाई भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. तिने टिकली चिकटवता चिकटवता शांतपणे सांगितलं, "माले बारले जानं शे."

"कुठे?"

"बारले."

बायकांनी पदर तोंडात कोंबले. मी मात्र हादरले. गुजरातेत दारूबंदी, समोर नातवंडं असलेली बाई, आणि तिला वाचायला शिकायचं ते बारमध्ये जाण्यासाठी! एरवी माणूस दोन प्रश्न विचारून खात्री करून घेतं. पण मी त्या काळी खात्री करून घेत नसे, मी थेट उद्धार करायला घेत असे.

दुसऱ्या दिवशी अआइई राहिलं बाजूला. मी रात्री बसून एक तक्ता रंगवला होता. त्यावर हिरवी बाटली आणि बाटलीवर लाल फुली. तो भिंतीला लावून मी व्यसनाने संसार कसे धुळीला मिळतात ह्यावर बोलले, आणि बोलताना करुणेने भरलेले डोळे सारखे आक्काकडे वळवत होते. आक्का मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणायची, "खरं शे, बाई." "अगदी खरं शे." शेवटी मी विचारलं, "मग? आता काय ठरवलंत?"

आक्का म्हणाली, "बाटली बेस काढी तुम्ही. पन माले बारले जानंच पडी. मनी पोर पोटुशी शे."

माझा तो चेहरा कुणी पाहिला असेल तर तो ह्या बायकांनीच. कात्रीवालीला माझी दया आली असावी, किंवा हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं असावं. तिने कात्री खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

बार म्हणजे नंदुरबार. आक्काची मुलगी तिथे दिलेली. दुसरं बाळंतपण महिन्या-दीड महिन्यावर आलेलं, घरात सासू अंथरुणाला खिळलेली, करायला कोणी नाही. आक्काला जायलाच हवं होतं. नवऱ्याचे गुडघे गेलेले, त्याला गाडीत चढता येत नव्हतं. मुलगा लूमच्या कारखान्यात, त्याला सुट्टी मिळत नव्हती. मग आक्काने एकटीने जावं, तर मागच्या खेपेला एक भानगड झाली होती. आक्का सुरतेजवळच्या उधना स्टेशनावरून पॅसेंजरमध्ये बसली आणि पाटी वाचता येत नसल्याने दर स्टेशनाला समोरच्या माणसांना विचारत राहिली, "भाऊ, बार उनं का?" ती माणसं सुरतेची. हद्द ओलांडली की नवापूर येतं आणि तिथे दारूबंदी संपते, हे सुरतेत शाळेत न जाता कळतं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि नवापूर आल्यावर मोठ्या आदराने आक्काला हात देऊन उतरवलं. वर एकाने सांगितलं, "आजी, स्टेशनच्या बाहेर निघा, पाहिजे तेवढे आहेत."

आक्का पिशवीतले मेथीचे लाडू घेऊन नवापूरच्या फलाटावर उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. तेव्हापासून मुलाने सांगून टाकलं होतं, "पाटी वाचता येईपर्यंत एकटी जायचं नाही."

सगळ्या हसल्या. आक्काही हसली. पण हसताना तिचे हात थांबले होते, आणि बाकी कधीच तिचे हात थांबत नसत.

मी तक्ता गुंडाळला. बाटली बरी काढली होती हे मात्र खरं.

मग मी कंबर कसली. बाळंतपणाच्या आत आक्काला नंदुरबार वाचता आलं पाहिजे. पाच अक्षरं, त्यातली दोन एकच. "लाडाने तुम्ही बार म्हणता," मी समजूतदारपणे म्हणाले, "पण पाटीवर पूर्ण नाव असतं." बायकांपैकी एकीनेही सांगितलं नाही की लाडाचा प्रश्न नाही. मी फुकटची करमणूक होते, ती कोण बंद करेल?

आक्का भराभर शिकली. तिची पद्धत मात्र उलटी. ती आधी पाटीवर लांब आडवी रेघ मारायची, मग खाली एकेक अक्षर लटकवायची. मी सांगून थकले, "आधी अक्षर, मग शिरोरेषा!" ती म्हणायची, "आधी लेस लावो, मंग खाले टिकल्या. उलटं कसं करो?" दुकानांच्या गुजराती पाट्या वाचायला गेलं की वैतागायची, "ह्यासना अक्षरसले छप्परच नही." छप्पर दिसलं की आपलं, नाही दिसलं की त्यांचं, असा तिने सोपा नियम करून टाकला.

आणि एके दिवशी मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: नंदुरबार.

"वाचा, आक्का."

आक्काने पाहिलं. ओठ मिटले. मग म्हणाली, "बार."

"ते शेवटी. पहिल्यापासून वाचा. हे काय?"

"न. वर टिकली."

"म्हणजे नं. पुढे?"

"दु."

"छान! आता दोन्ही जोडून?"

आक्का खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर पायरीवर तिचा नवरा बसलेला असे, बिडी ओढत. मिल सुटल्यापासून त्याला दुसरा उद्योग नव्हता. आक्काला वर्गाला सोडायला यायचा आणि घ्यायला परत येणं गुडघ्यांना परवडत नाही म्हणून तिथेच थांबायचा.

"जोडून, आक्का!"

"बार," आक्का म्हणाली.

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं, "एक फार दुर्मिळ केस माझ्याकडे आली आहे. सुटी अक्षरं वाचता येतात, जोडता येत नाहीत." हे म्हणाले, "जोडायचं नसेल तिला." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. ह्यांचा शिक्षणशास्त्राशी काय संबंध?

मी पुठ्ठ्याची आगगाडी केली. इंजिनावर नं, पहिल्या डब्यावर दु, असे डबे जोडत न्यायचे. आक्काने डबे जोडले, एकेकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बार." मी तिला नादुरुस्त, नंदनवन, नंदादीप असे शब्द दिले. नादुरुस्त घडाघडा वाचलं. नंदनवनाशी घुटमळली. नंदादीप आल्यावर पाणी प्यायला उठून गेली. एवढ्यावरून एखाद्या लहान मुलालाही कळलं असतं. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ह्यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे." त्या फेरीत चष्मा लागला तो मला.

दिवस चालले होते. नंदुरबारहून मुलीचे फोन यायचे, "माय, कवय येस?" आणि आक्का सांगायची, "येस, येस, वाची ऱ्हायनू."

मग एका दुपारी मी पुन्हा नंदुरबार फळ्यावर लिहून आक्काच्या मागे लागले होते. तेवढ्यात रस्त्यावरून मिलमधला कोणी जुना सोबती सायकलवर चालला होता, त्याने पायरीवर बसलेल्या आक्काच्या नवऱ्याला लांबून मोठ्याने हाक मारली. एकेरी, नाव घेऊन, दोन अक्षरी.

मी फळ्याकडे पाहिलं. हाक मारली होती ती माझ्या फळ्यावरच्या गावाच्या पुढल्या अर्ध्याला.

नाव मी इथे लिहीत नाही. जे आक्काने उभ्या जन्मात उच्चारलं नाही ते मी छापायला देऊ की काय? गावाच्या नावातून बार काढून टाका आणि उरलेल्यातला र पुसा.

बायका माझ्याकडे बघत होत्या. कात्रीवाली म्हणाली, "उजाडनं, बाईले उजाडनं!"

गप्प बसणं जमलं असतं तर ती मी कसली? मी नवा नवा चष्मा सारखा केला आणि भाषण सुरू केलं. नवऱ्याचं नाव घेतल्याने आयुष्य कमी होत नाही. काळ बदलला आहे. नाव हे हाक मारण्यासाठीच असतं. स्त्रीने ह्या जुनाट संकोचातून बाहेर आलं पाहिजे. "आमचे हे तर म्हणतात..." असं मी म्हणाले मात्र, कात्रीवालीने हात वर केला. वर्गात पहिल्यांदाच.

"बाई, एक इचारू? हे म्हंजे कोन?"

"हे म्हणजे... आमचे मिस्टर."

"मिस्टर नाव शे त्यासनं?"

"नाही, नाव आहे ना. आहे नाव."

"मंग ल्या ना!"

सगळ्या कात्र्या थांबल्या. मी तोंड उघडलं. तोंडातून "अहो" बाहेर पडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, बँकेत सही करताना, रेशनकार्डावर, मुलाच्या शाळेत मी ते नाव हजारदा लिहिलं होतं. पण ह्या बायकांसमोर, असं नुसतं, उघडं? कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "हे बघा, असं एकदम कसं..." मी म्हणाले.

"एकदम नही त मंग उखाना ल्या," आक्का मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच मजा पाहिली.

घेतला. काय करणार! माझ्या लग्नात मामीने पाठ करून घेतलेला, तबक आणि निरांजन असलेला. शेवटी नाव आलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कोणीतरी टिकल्यांची मूठ माझ्यावर उधळली. खादीत अडकलेल्या त्या टिकल्या कितीतरी धुण्यांत निघाल्या नाहीत.

आणि तिथेच मला सुचलं. मला सुचलं असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे. खरं तर सगळ्यांना एकदमच सुचलं, मी फक्त सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "आक्का, तुम्हीपण उखाणाच घ्या!"

आक्काने टिकल्यांच्या डबीत मान घातली. "ह्या वयमा? लोके हासतीन."

"हसूदे," मी म्हणाले.

"माले नही, त्यासले हासतीन," ती पायरीकडे बघून म्हणाली, आणि विषय संपला.

पण त्याच आठवड्यात आक्काचा मुलगा वर्गात आला. कारखान्याच्या मधल्या सुट्टीत धावत आला होता. अंगावर लूमचा कापूस तसाच. तिकडे नंदुरबारला बहिणीला दवाखान्यात दाखवून आणलं होतं आणि डॉक्टरांनी दिवस जवळ आल्याचं सांगितलं होतं. जायचं तर उद्याच्या गाडीने. तो सरळ मुद्द्यावर आला.

"बाई, मायला वाचता येतं?"

"उत्तम येतं! मी दहा पाट्या लिहिते, त्यातली बरोबर पाटी त्या बोटाने दाखवतील."

"बोटाने नाय चालत, बेन." सुरतेत जन्मलेला, त्याच्या बोलण्यात मी कधी बाई असे, कधी बेन. "पाटी गर्दीत दिसली नाय, गाडी पुढे थांबली, तर ती विचारणार ना कोणाला? काय विचारणार? बार आलं का? पाछुं, परत नवापूर!" मग आईकडे वळला. "माय, मला माहितीय तुला वाचता येतं. तोंडातून पूर्ण निघतं का ते सांग. निघालं तर उद्या मी स्वतः उधन्याला बसवून देतो. नाय निघालं तर नाय."

"आनि पोर?" आक्का म्हणाली.

"तेच म्हणतो ना मी! पोरीसाठी बोल."

मी फळ्यावर नंदुरबार लिहिलं. घाईत अक्षर आक्काच्या अक्षरापेक्षा वाईट आलं. आक्का उठली. मांडीवरच्या टिकल्या झटकल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि फळ्यासमोर येऊन उभी राहिली. एकदा पायरीकडे पाहिलं. तिथून बिडीचा धूर येत होता.

"बार," कात्रीवाली दबक्या आवाजात म्हणाली, "ते मांगेन येई. पुढलं ले, आक्का."

आक्काने लग्नात घेतात तसा, मान खाली घालून, स्पष्ट आवाजात उखाणा घेतला:

"सुरतनी साडी, तिले जरीनी किनार,
वाचीसन दखाडस पाटी —"

इथे थांबली. मग पुढला अर्धा आला, हळू, जपून, जणू हातातून काचेचं भांडं खाली ठेवते आहे. त्यानंतर इतकी लांब उसंत आली की मला वाटलं, संपलं. आणि मग मोठ्याने, सुटल्यासारखं, "र बार!"

टाळ्या वाजणार तेवढ्यात बाहेर पायरीवर काठी आपटली. धडपडत कोणीतरी उठलं आणि दारात आक्काचा नवरा उभा राहिला. बिडी विझलेली, टोपी वाकडी.

"आठेच शे ना मी," तो घाबराघुबरा होऊन म्हणाला, "हाका काबर मारी ऱ्हायनी?"

मी आयुष्यात पुष्कळ हसले आहे, पण बाकावर बसून रडत हसले ते तेव्हाच. मुलगा भिंतीकडे तोंड करून हसत होता. आक्काने पदराने पूर्ण तोंड झाकलं होतं आणि पदर हलत होता. नवऱ्याला कळेना काय झालं. कात्रीवालीने त्याला समजावून सांगितलं की हाक त्याला नव्हती, गावाला होती. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. "कथं शे?" त्याने विचारलं. आक्काने पदराआडून हात काढला आणि पहिल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आक्का गेली.

तिसऱ्या दिवशी मी वर्गाला पोचले तर पायरीवर तो बसलेला. आक्का गावाला, मग हा कोणाला सोडायला आला, मला कळेना. मला बघून काठी टेकत उठला.

"पोचनी ती," म्हणाला. "पोरगी झाली. दोन्ही बेस शेतस."

"वा! फोन आला होता? काय म्हणाल्या आक्का?"

"म्हने, पाटी वाची, कोनले इचारनं नही पडनं." तो थोडा घुटमळला. "मी म्हनं, कथं उतरनी, बराबर सांग. तीनदा इचारं."

"मग?"

"म्हने, बारले."

त्याने काठीच्या टोकाने पायरीवर एक रेघ ओढली, मग इकडेतिकडे बघून, कात्रीवालीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाला, "बाई, ती वापस उनी ना, का तिनी आखो एक परीक्षा ल्या."